नवीन सिस्टर, ओव्हर नीट घ्या: नाशिकच्या सरकारी वॉर्डातले पहिले तीन महिने

जॉइनिंगची ऑर्डर हातात पडली की पहिला फोन आईला जातो आणि दुसरा कॉलेजमधल्या एखाद्या सीनियरला: "ताई, तिथं नेमकं काय काय करावं लागतं?" हा लेख त्या दुसऱ्या फोनच्या जागी वाचा. कॉलेजात एका पेशंटचा केअर प्लॅन पंधरा पानं लिहून घेतात. वॉर्डात चाळीस पेशंट असतात, सिस्टर दोन, आणि त्यातलीही एक नवीन, म्हणजे तुम्ही. त्या पंधरा पानांतलं आज काय करायचं, काय दुपारवर ढकलायचं आणि काय एक मिनिटही थांबवायचं नाही, एवढं कळलं की निम्मी नोकरी आली. (ब्रदर लोकांनीही वाचावं. सवयीनं "सिस्टर" लिहिते आहे.)

१. आधी बघा, ऑर्डर कुणाची आहे

नाशिकमध्ये "सरकारी दवाखाना" ही एक जागा नाही. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं "सिव्हिल", आणि शालिमारचं संदर्भ रुग्णालय हे राज्याच्या आरोग्य विभागाचं. नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं झाकीर हुसेन, पंचवटीतलं इंदिरा गांधी ही महापालिकेची. पेशंटला सगळी सारखीच. तुमचा रजेचा अर्ज कुठं जाणार, बदली कुठपर्यंत होणार, पगार कुठून निघणार, हे मात्र त्यावर ठरतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून आलात तर ऑर्डर अकरा महिन्यांची असते आणि काम कायम सिस्टरइतकंच. यावर माझं मत काय आहे ते विचारू नका, लेख तिथंच संपेल.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीच्या चार झेरॉक्स फाईलमध्ये ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख मोबाईलमध्ये टाका. हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झाली नसेल तर रुजू व्हायच्या आधी सुरू करा. डोस तीन: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. "नंतर बघू" म्हणणाऱ्या कितीतरी मुलींना मी सुई टोचल्यावर रडताना पाहिलंय.

२. कोण कोण आहे

कागदावर तुम्ही अधिपरिचारिका. तुमच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. त्यांच्या वर सहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे मेट्रन मॅडम. तोंडी भाषेत हे शब्द कुणी वापरत नाही, पण अर्जावर चुकीचं पद लिहिलंत तर अर्ज परत येतो.

कागदावर नसलेली, पण वॉर्ड चालवणारी माणसं म्हणजे मावशी आणि मामा, वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉय. कोणता स्ट्रेचर एका बाजूला ओढतो, लिनन कुठं दडवलंय, कोणता नातेवाईक रात्री पिऊन येतो, हे त्यांना पाठ असतं. त्यांना नावानं एकेरी हाक मारू नका. पहिल्या दिवशी "मावशी, मी नवीन आहे, जरा दाखवा ना" एवढं म्हटलंत तर पुढची अनेक कामं अर्ध्या वेळात होतील.

३. ओव्हर

ओव्हर म्हणजे जाणाऱ्या सिस्टरनं वॉर्ड येणाऱ्या सिस्टरच्या हाती सोपवणं. सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. ड्युटी आठची असेल तर पावणेआठला वॉर्डात असा, कारण जाणारी सिस्टर थकलेली असते आणि तिला बस धरायची असते. ती टेबलाशी बसून वही वाचून दाखवेल: "एक नंबर स्टेबल, दोन नंबर स्टेबल, तीनला सलाईन चालू." ऐकून घ्या आणि गोड बोलून तिला बेडजवळ न्या. ओव्हर बेडजवळच घ्यायची. चादर थोडी वर करून सुईची जागा सुजलीये का बघा, लघवीच्या पिशवीत किती आहे आणि रंग काय ते बघा, ड्रेसिंग ओलं आहे का, ऑक्सिजनच्या मीटरवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा एकच आहे का. चाळीस बेडला वीस मिनिटं लागतात.

या फेरीत एकच प्रश्न मनात ठेवा: पुढच्या सहा तासांत यातलं कोण बिघडेल? तीन-चार नावं निघतात. ती तळहातावर नाही, खिशातल्या चिठ्ठीवर लिहा. ओरडणारा पेशंट बऱ्याचदा निभावून नेतो, कारण ओरडायला दम लागतो. काल रात्रभर शिव्या देणारे बाबा आज शांत पडलेत, "आता बरे झोपलेत" असं लेक म्हणतेय, तर आधी त्यांच्याकडे जा. श्वास मोजा. पूर्ण मिनिट मोजा; पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय लावून घेऊ नका. चार्टवर सगळ्या पेशंटचे श्वास "१८" असलेले दिसतील. सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेत नसतो.

बेड नंबरवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे पेशंट स्वतःच जागा बदलतात. कुणाला पंख्याखाली जायचं असतं, कुणाला गाववाल्या बाईच्या शेजारी. गर्दीच्या दिवसांत खाली गाद्या पडतात आणि त्यांना "एक्स्ट्रा १, एक्स्ट्रा २" असे नंबर मिळतात. मी नवीन असताना हिराबाई नावाच्या दोन बायका एकाच वॉर्डात होत्या. मी इंजेक्शन घेऊन गेले आणि विचारलं, "हिराबाई ना?" ती "हो" म्हणाली. ती खरंच हिराबाई होती, पण दुसरी. इंजेक्शन साधं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी कुणालाही "तुम्ही अमुक ना?" असं विचारत नाही. "पूर्ण नाव सांगा, गाव सांगा" असं विचारायचं. गावाचं नाव इथं आडनावापेक्षा जास्त कामी येतं. नातेवाईकाला तर विचारूच नका, तो घाबरून कशालाही "हो" म्हणतो.

४. औषधं वाटताना

ट्रे घेऊन निघालात की मध्ये थांबायचं नाही. "सिस्टर, सलाईन संपलं" ही हाक दिवसातून शंभर वेळा येते. त्यावर साधा उपाय: लावतानाच नातेवाईकाला घड्याळ दाखवून सांगा, "हे दोन वाजता संपेल, पावणेदोनला मला सांगा." थेंबांचा हिशोब असा: सलाईनच्या नळीच्या, म्हणजे सेटच्या, पाकिटावर एक मिलीला २० थेंब लिहिलेलं असेल, तर ५०० मिली आठ तासांत द्यायला मिनिटाला साधारण २१ थेंब. काही सेट १५ थेंबांचे असतात, म्हणून पाकीट वाचल्याशिवाय फेकू नका. आणि लावून गेल्यावर दहा मिनिटांनी परत नजर टाका. सलाईन जोरात सोडलं की लवकर बरं वाटतं अशी ठाम समजूत आहे. चाक फिरवणारा भाऊ प्रत्येक वॉर्डात एक तरी असतोच.

पोटॅशियम क्लोराईड शिरेत थेट कधीही ढकलायचं नाही, कुणीही घाईत सांगितलं तरी. इन्सुलिन आणि हेपारिन दुसऱ्या सिस्टरला दाखवून भरा. लेबर रूमला ड्युटी लागली आणि झटक्यांच्या पेशंटला मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल, तर पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा: गुडघ्याखाली टिचकी मारल्यावर पाय उडतोय, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाही, लघवी तासाला निदान ३० मिली आहे. यातली एकही कमी असेल तर डोस थांबवा, डॉक्टरांना बोलवा आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी काढा. ते कोणत्या कप्प्यात आहे हे त्या क्षणी शोधायचं नसतं, ते ड्युटीवर आल्या आल्याच बघून ठेवायचं.

५. नाशिकचे पेशंट काय बोलतात

हे पुस्तकात नाही. नातेवाईक धावत येऊन म्हणतो, "सिस्टर, याने औषध घेतलंय." नवीन मुलगी विचारते, "कोणती गोळी?" इकडे "औषध घेतलं" म्हणजे फवारणीचं विष प्यायला. निफाड, दिंडोरी, चांदवड, सगळा द्राक्ष-कांद्याचा पट्टा, घराघरात फवारणीच्या बाटल्या. लगेच विचारा: कोणतं, किती वाजता, बाटली आणलीय का? नसेल तर घरून फोटो मागवा. ग्लोव्ह्ज घाला, अंगावरचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा, कारण विष कातडीतूनही जात राहतं. अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं इंजेक्शन, सुरू झालं की तुमचं काम छातीतली खरखर, नाडी, घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघून लिहीत राहण्याचं. दर पाच-दहा मिनिटांनी डोस बदलतो, म्हणून तिथून हलायचं नाही. आणि अजून एक. शुद्धीवर आल्यावर त्याला "कशाला केलंस असं?" विचारायचं नाही. ते सगळं गाव विचारणारच आहे. पाणी द्या, तोंड पुसा, नजर ठेवा, आणि मानसोपचार विभागाच्या कॉलची आठवण डॉक्टरांना करून द्या.

पावसाळा लागला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून साप चावलेले येतात. घोणस आणि फुरसं असेल तर रक्त गोठत नाही. ते बघायला मशीन लागत नाही: काचेची कोरडी, स्वच्छ नळी, त्यात दोन मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही नाही, आणि "बघू गोठलं का" म्हणून मध्येच हलवायची तर अजिबात नाही. सर्पविषावरची लस सहसा दहा व्हायलनं सुरू होते, मुलालाही तेवढीच, कारण सापानं लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. लस लावण्याआधी अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून बाजूला. अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, थंडी वाजली की लस थांबवा आणि हाक मारा.

मण्यार वेगळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोरगं पोटात दुखतं म्हणून उठतं, घास गिळत नाही, पापण्या मिटायला लागतात. केसपेपरवर "पोटदुखी" एवढंच लिहिलेलं असतं. पापण्या जड असलेलं पोटदुखीचं पोर पावसाळ्यात दिसलं तर "रात्री खाली झोपला होता का?" हे विचारणारी सिस्टर त्याचा जीव वाचवू शकते. अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, जवळ आणून ठेवा.

भाषेचं म्हणाल तर सटाणा-कळवणकडची आजी "पोट दुखस" म्हणेल, ती अहिराणी. मालेगावची बाई हिंदी-उर्दू मिसळून बोलेल. "अंगावरून जातंय" याचा अर्थ रक्तस्राव आहे की पांढरं जाणं, हे बाजूला नेऊन विचारा, पुरुषांसमोर नाही. "जीव घाबरा होतोय" हे हसण्यावारी नेऊ नका. हृदयविकाराच्या बऱ्याच बायका छातीत दुखतंय असं म्हणतच नाहीत.

६. ऑक्सिजन आणि इमर्जन्सी ट्रे

२१ एप्रिल २०२१ ला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि वीसहून जास्त पेशंट गेले. नाशिकमध्ये नर्सिंग करणाऱ्याला तो दिवस विसरता येत नाही. म्हणून वॉर्ड बदलला की पहिल्याच दिवशी बघा: पाइपलाइनचा वॉल्व कुठं, भरलेले सिलिंडर कुठं, चावी कुणाकडे, फ्लोमीटर बसतो का. छोट्या बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो. मिनिटाला दहा लिटर चालू असेल तर अडीच तास, आणि तेही सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर. पेशंटला सीटी स्कॅनला नेताना हा हिशोब करूनच निघा, लिफ्टसमोर उभं राहून नाही.

लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा पेटतो का, सक्शन ओढतं का, हे रोज हातानं बघा. चेकलिस्टवर नुसती टिक करणारे हात मी ओळखते, त्यात एकेकाळी माझाही होता.

७. सुई टोचली तर

जखम दाबून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. इन्चार्जना लगेच सांगा, लाजू नका. मग पेशंटची तपासणी आणि एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र. एचआयव्ही रोखणारी गोळी शक्यतो दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, कोर्स २८ दिवसांचा. हे प्रकार बहुतेक वेळा टोपण परत लावताना होतात. लावूच नका. सुई थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. आयव्ही सेट, नळ्या, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काचेच्या व्हायल निळ्या डब्यात. चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई शेवटी मावशींच्या हाताला लागते.

८. नातेवाईक

एका पेशंटमागे पाच जण येतात आणि पाचही वेगळं विचारतात. पहिल्या दिवशीच त्यातला एक निवडा: "पेशंटचं काही असलं की मी तुम्हालाच सांगणार." बाकीचे आपोआप त्याच्याकडे जातात.

पैशांबद्दल नीट माहिती ठेवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. बाळंतीण आणि बाळाला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, रक्त, जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं मिळतं. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना. आधार आणि रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाकडे पाठवा, आणि हे दाखल झाल्याच दिवशी सांगा. डिस्चार्जच्या सकाळी कागद शोधायला लागलेला माणूस सगळा राग तुमच्यावर काढतो.

अंगावर कुणी आलं तर वाद घालत उभ्या राहू नका. दाराच्या बाजूला सरका, सुरक्षारक्षक आणि ड्युटी डॉक्टरांना हाक मारा. आरोग्यसेवकावरच्या हल्ल्यासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण खरं सांगू का? बहुतेक भांडणं माहिती न मिळाल्यानं होतात. "डॉक्टर ओटीत आहेत, अकराला येतील, तोवर मी बीपी बघतेय" या वाक्यानं जे थांबतं, ते कायद्याच्या बोर्डानं थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

९. लिहिणं

जे दिलं ते दिल्यावर लिहा. आधी लिहून ठेवायचं नाही. फोनवर आलेली ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळ टाका आणि डॉक्टर आले की सही घ्या. एमएलसी, म्हणजे पोलीस केस असलेल्या, पेशंटचे कपडे नातेवाईकाला परत देऊ नका. डामा म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, जाणाऱ्याची सही राहिली किंवा कुणी न सांगता निघून गेलं, तर लगेच डॉक्टरांना आणि चौकीला कळवा. सेन्ससला, म्हणजे पेशंटच्या मोजणीला, एक डोकं कमी भरलं की रात्री तीनला तुम्हीच बाथरूम शोधत फिराल. वहीत चूक झाली तर एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर नको.

१०. नाईट

सलग नाईट लागतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा गारठा वॉर्डाच्या फुटक्या काचेतून आत येतो, तेव्हा स्वेटर, मोजे आणि घरचा डबा. दोन ते पाच ही वेळ अवघड: चूकही तेव्हाच होते आणि पेशंटही तेव्हाच बिघडतात. त्या वेळेत बसू नका, हातात टॉर्च घेऊन फेरी मारा. दिवा लावून सगळ्यांना उठवायची गरज नसते. रात्री कुणी गेलं तर पडदा ओढा, नळ्या काढा, तोंड पुसा, आणि मग घरच्यांना आत घ्या. शेजारच्या बेडवरचाही बघत असतो, त्याला चहा विचारा. पहिल्या मृत्यूनंतर हात थरथरतात. ज्या सीनियरजवळ रडता येईल अशी एक आधीच हेरून ठेवा.

२०२७ च्या सिंहस्थात रजा मिळेल अशी आशा धरू नका, लग्नाची तारीख काढताना घरच्यांना हे आत्ताच सांगा.

सकाळी ओव्हर देताना तुम्हीही बेडजवळच द्या, बस सुटली तरी. आणि गेटबाहेर पडण्याआधी एप्रनचे दोन्ही खिसे चाचपा. औषधांच्या कपाटाची किल्ली घेऊन घरी गेली नाही अशी सिस्टर मला अजून भेटलेली नाही. मी एकदा अंघोळ करून झोपले होते, तेव्हा मामा सायकलवर दारात येऊन उभे राहिले.